समुद्र उकळत नाही, मग त्याची वाफ कशी होते?

आपला मुलगा चौथीत आहे, पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळून त्याची वाफ होते असे त्याने पुस्तकात वाचले आहे आणि समुद्र तर कधीच उकळत नाही, मग ढग कुठून येतात, असा प्रश्न त्याने आपल्याला विचारला आहे. प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास शिकवताना हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे, आणि माझ्या मते तो विचारणारे मूल धडा पाठ न करता समजून वाचत असते. जलचक्राचे चित्र त्याच्यापुढे ठेवण्याआधी पाण्याची अवस्था बदलते म्हणजे नेमके काय होते, हे त्याला दाखवावे लागेल.

उकळणे आणि बाष्पीभवन या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पाण्याचे कण सतत हालचाल करत असतात, त्यांतील काही इतरांपेक्षा अधिक वेगवान असतात, आणि पृष्ठभागाजवळचे असे वेगवान कण पाणी कितीही थंड असले तरी हवेत निसटत राहतात. पुसलेली फरशी किंवा सावलीत वाळत घातलेला टॉवेल कोरडा होतो तो यामुळेच. उकळताना मात्र पाण्याच्या आतही बाष्पाचे बुडबुडे तयार होऊ लागतात, आणि त्यासाठी ठरावीक तापमान गाठावे लागते. ते तापमानही सगळीकडे सारखे नसते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. घरी सारखेच पाणी एका पसरट ताटलीत आणि एका अरुंद तोंडाच्या बाटलीत घालून खिडकीत ठेवा. ताटली आधी कोरडी पडेल, कारण कणांना निसटायला तिथे जागा जास्त मिळते. एवढे पाहिल्यावर समुद्राचा अफाट पृष्ठभाग आणि त्यावर दिवसभर पडणारे ऊन यांची सांगड मुले स्वतःच घालतात.

निसटणारे कण उष्णता सोबत नेतात, ही गोष्ट मुलांना सहसा सांगितली जात नाही, पण ती महत्त्वाची आहे. माठातले पाणी गार होते ते सच्छिद्र मातीतून झिरपलेल्या पाण्याचे बाहेर बाष्पीभवन होताना आतली उष्णता खर्ची पडते म्हणून. निसटताना मीठ मात्र पाण्याबरोबर जात नाही. उरण किंवा पेणच्या बाजूला मिठागरे आहेत. तिथे भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हात आटू देतात, पाणी हवेत जाते आणि मीठ वाफ्यात राहते. समुद्र खारट असूनही पाऊस गोड्या पाण्याचा का पडतो, हा मुलाचा पुढचा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर हेच आहे.

आता दुसरा आणि माझ्या अनुभवानुसार सर्वांत मोठा गैरसमज पाहू. हवेतले बाष्प डोळ्यांना दिसत नाही. उकळत्या किटलीच्या तोटीकडे लांबूनच, आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, नीट पाहिले तर तोटीच्या अगदी तोंडाशी थोडी जागा रिकामी, पारदर्शक दिसते आणि त्यापुढे पांढरा लोट सुरू होतो. खरे बाष्प त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत असते. पांढरा लोट म्हणजे गार हवेत येऊन पुन्हा द्रव झालेले पाण्याचे बारीक थेंब. ढगही असाच असतो. तो पाण्याच्या थेंबांचा किंवा खूप उंचावर हिमकणांचा बनलेला असतो, म्हणून ‘ढग म्हणजे वाफ’ हे वाक्य वहीत असेल तर ते दुरुस्त करून घ्यावे.

बाष्पाचे पाणी होण्याच्या क्रियेला संघनन म्हणतात. ती दाखवण्यासाठी काचेच्या पेल्यात बर्फ घातलेले कोकम सरबत ठेवा. थोड्या वेळाने पेल्याच्या बाहेरच्या बाजूला थेंब जमतात, आणि बहुतेक मुले ते आतून पाझरले असे ठामपणे सांगतात. त्यांच्याच हाती पांढरा रुमाल देऊन ते थेंब टिपायला लावावे. रुमालावर लाल डाग पडत नाही, म्हणजे ते पाणी सरबतातले नाही, खोलीतल्या हवेतले आहे.

ढगात पेला नसतो, मग हवा गार कशाने होते? वर जाताना हवेवरचा दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी थंड होत जाते. पुरेशी थंड झाली की तिच्यातले बाष्प धूळ, धूर किंवा समुद्री मिठाच्या सूक्ष्म कणांवर जमू लागते. हे थेंब साधारण ०.०२ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे इतके हलके असतात की वर चढणारी हवा त्यांना सहज तोलून धरते, आणि पावसाचा एक थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. सह्याद्री हे काम आपल्या डोळ्यांदेखत करतो. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा घाटाला अडून वर चढते, थंड होते आणि महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस देते. तीच हवा पूर्वेकडे उतरताना पुन्हा तापते, ढग विरतात, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो.

स्थायू अवस्थेसाठी फ्रीजमधला बर्फ पुरेसा आहे. मात्र ऐन उन्हाळ्यात गारा कशा पडतात, हे मुलांना कोडे वाटते. वळवाचा ढग कित्येक किलोमीटर उंच असतो, त्याच्या वरच्या भागातले तापमान शून्याच्या बरेच खाली असते, आणि जोरदार वर जाणाऱ्या हवेमुळे तिथे पोहोचलेले थेंब गोठून थरावर थर चढत मोठे होतात.

शेवटी चित्राविषयी. पुस्तकातल्या आकृतीत समुद्र, ढग, डोंगर, नदी आणि पुन्हा तोच समुद्र असा एक वर्तुळाकार बाण असतो, आणि तो मला अपुरा वाटतो. महाबळेश्वरच्या पठारावर कृष्णा आणि सावित्री या दोन्ही नद्या उगम पावतात. सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते, तर कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, म्हणजे एकाच समुद्रातून आलेले पाणी दोन वेगळ्या समुद्रांत जाते. शिवाय बराचसा पाऊस नदीपर्यंत पोहोचतच नाही. काही पाणी खडकांच्या भेगांतून विहिरीला मिळते, काही जमिनीवरूनच पुन्हा हवेत जाते, आणि काही पाणी झाडे मुळांवाटे शोषून पानांवाटे बाहेर सोडतात. यातले शेवटचे पाहायचे असेल तर सकाळी जास्वंदीच्या पाने असलेल्या एका फांदीवर कोरडी, पारदर्शक पिशवी चढवून तोंड दोऱ्याने घट्ट बांधा आणि दुपारी मुलाला पिशवीच्या आतल्या बाजूचे थेंब पाहू द्या. पानांतून हवेत जाणारा हा बाण त्याने आपल्या आकृतीत स्वतः काढावा. बहुतेक वह्यांत नेमका तोच नसतो.