एका इम्युनॉलॉजिस्टचे (म्हणजे रोगप्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्याचे) ३०० पेपर आहेत आणि एच-इंडेक्स ७०, म्हणजे तो खरंच मोठा शास्त्रज्ञ का? त्याच्या लॅबमध्ये पीएचडीला जाऊ का?

३०० पेपर म्हणजे लॅब मोठी आहे आणि तिथे पैसा येतोय, एवढं धरून चाला. मी सात वर्षं फ्लो सायटोमीटर चालवलाय, म्हणजे पेशींना चमकणाऱ्या अँटिबॉडी चिकटवायच्या, लेझरपुढून एकेक सोडायची आणि कुठल्या किती ते मोजत बसायचं. तर माझ्या नावावर सगळ्यात जास्त सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत आलेले उल्लेख, कुठल्या पेपरला, तर ज्यात मी दोन दुपारी दुसऱ्याची सॅम्पल चालवून दिली त्याला, ऑथरांच्या यादीत चौदावा नंबर. आणि ज्याच्यामागे तीन वर्षं घासली त्याला मोजून नऊ सायटेशन, त्यातली दोन आमचीच. प्रोफाइल उघडणाऱ्याला यातलं काय दिसणार, त्याला नुसती बेरीज दिसते.

एच-इंडेक्स काढला हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने, २००५ मध्ये. ७० म्हणजे निदान ७०-७० सायटेशन असलेले ७० पेपर. हा आकडा वर जातो पण खाली कधी येत नाही, त्यामुळे माणूस नुसता टिकून राहिला तरी वाढतो, आणि एका पेपरने अख्खा विषय पालटला तरी इथे त्याची किंमत एकच. त्यात रिव्ह्यू, म्हणजे नवे प्रयोग न करता आधीच्या कामाचा आढावा, लिहिणाऱ्यांची चांदी, कारण प्रस्तावनेत सगळे रिव्ह्यूच टाकतात.

आता ब्रूस ग्लिकचं बघा. ओहायो स्टेटमध्ये शिकत असताना हा पठ्ठ्या कोंबड्यांच्या शेपटाखालची बर्सा नावाची बारकी पिशवी कापून काढून काय होतं ते बघत होता, आणि काहीच होत नव्हतं. मग चँग नावाच्या मित्राला वर्गात अँटिबॉडी कशा तयार होतात ते दाखवायचं होतं म्हणून त्याने ग्लिकच्याच कोंबड्या नेल्या, त्यांना साल्मोनेला टोचला, आणि बऱ्याच कोंबड्यांमध्ये अँटिबॉडीच नाहीत! बघतात तर त्या बर्सा काढलेल्या. 'सायन्स'ने पेपर परत पाठवला, शेवटी १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला आणि पुढची कित्येक वर्षं इम्युनॉलॉजीवाल्यांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही (कोंबड्यांचं जर्नल कोण वाचतंय). आज बी सेलमधला, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या नावातला, बी त्याच बर्साचा. त्या काळात कुणी ग्लिकचा स्कोअर काढला असता तर काय आला असता?

जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांमधल्या मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल एका बायोटेक कंपनीत होते. स्कर्फी नावाचे उंदीर असतात, त्यांची कातडी खपल्यांनी भरते आणि नर काही आठवड्यांतच मरतात. त्यांच्यातला बिघडलेला जीन शोधताना शेवटी २० उरले, एकेक तपासत गेले तर गडबड सापडली विसाव्यात. तोच फॉक्सपी३, पेपर २००१ चा. तिसरे साकागुची, त्यांनी १९९५ मध्येच इम्यून सिस्टिमला आवर घालणाऱ्या टी सेल दाखवल्या होत्या, आणि तेही अशा काळात की सप्रेसर टी सेल (अशा आवर घालणाऱ्या पेशींचं जुनं नाव) हा शब्द काढला तरी लोक नाक मुरडायचे. आज कुठल्याही लॅबमध्ये याच आवर घालणाऱ्या, म्हणजे रेग्युलेटरी टी सेल मोजायच्या म्हटलं की ओळखखूण म्हणून सीडी२५ आणि फॉक्सपी३ च्या अँटिबॉडी लावतात, मी स्वतः शेकडो वेळा लावलेत, पेपरचं नावही न आठवता. मी तरी इम्पॅक्ट यालाच म्हणतो.

आणि ऑथरांच्या यादीवर फार विसंबू नका, पॉली मॅट्झिंगर नावाच्या इम्युनॉलॉजिस्टने १९७८ च्या पेपरात सहलेखक म्हणून आपल्या कुत्र्याचं नाव घातलं होतं :)

तुमच्या माणसाचं म्हणाल तर ३०० सोडा, गेल्या पाच-सहा वर्षांतले फक्त तेच पेपर काढा जिथे त्याचं नाव शेवटी आहे, कारण आपल्या विषयात शेवटचं नाव लॅब चालवणाऱ्याचं आणि पहिलं टेबलावर राबणाऱ्याचं. ती पहिली नावं लिहून घ्या. दर वेळी तोच एक सिनियर पोस्टडॉक (पीएचडी झालेला संशोधक) दिसत असेल तर विद्यार्थी काय करतायत ते विचारा. मग त्यातला सगळ्यात गाजलेला पेपर घ्या आणि त्याला साइट करणाऱ्यांपैकी दुसऱ्या लॅबचे दहा उघडा. त्याचा रिझल्ट कुणी स्वतः करून पाहिलाय, की सगळ्यांनी नुसता पहिल्या परिच्छेदात चिकटवलाय? तासाभराचं काम आहे. आणि तिथून पास होऊन गेलेल्या एकाला मेल टाकून विचारा, पहिला पेपर यायला किती वर्षं लागली आणि निगेटिव्ह रिझल्ट आला तेव्हा सर काय म्हणाले.