शाफ्ट तुटतोय म्हणून लगेच महाग स्टील नको घेऊ

अरे भाऊ, हिंगणा एमआयडीसीत लागला ते मस्त, पण शाफ्ट तुटून राहिले म्हणून ईएन ८ (साधं मध्यम कार्बनचं स्टील) वरून थेट ईएन २४ (निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम घातलेलं महाग स्टील) वर उडी नको मारू. आधी तुटलेलं तोंड नीट बघ (दोन तुकडे जोडून घासू नको, पुरावा जातो), शिंपल्यासारख्या रेषा दिसल्या तर फटीग (परत परत ताण येऊन हळूहळू वाढलेली चीर), आणि त्या जिथून सुरू होतात तिथेच भानगड, बहुतेकदा कीवेचा (चावी बसवायच्या खाचेचा) कोपरा नाहीतर टूलचा ओरखडा.

भारी स्टीलनं भागेल म्हणशील, तर फटीग लिमिट (जिच्या खालचा ताण कितीदाही आला तरी तुटत नाही ती हद्द) टेन्साइलच्या (ओढून तोडायला लागणाऱ्या ताणाच्या) निम्मी धरतात ना, ती पॉलिश केलेल्या सॅम्पलची, आणि टेन्साइल साधारण १४०० एमपीएच्या (ताण मोजायचं एकक) वर गेलं की तो हिशोब बसत नाही, मग इन्क्लूजनपासूनच (स्टीलमधे अडकलेल्या बारीक कचऱ्यापासूनच) क्रॅक निघतात.

हीट ट्रीटमेंटवाल्याकडून नुसता हार्डनेस घेऊन येऊ नको, मायक्रो (मायक्रोस्कोपखालचा रिपोर्ट) पण माग, टेम्पर्ड मार्टेन्साइट (हवी ती मजबूत रचना) झालंय की मधे फेराइट (मऊ भाग) राहिलंय आणि डीकार्ब (वरच्या थरातला कार्बन उडून जाणं) किती खोल आहे ते बघ, कारण वाकताना सगळ्यात जास्त स्ट्रेस वरच्या थरावरच येतो आणि तोच मऊ असला तर आतलं स्टील कितीही भारी असू दे, काय कामाचं! टेम्परिंग (कडक केल्यावर परत तापवणं) २५० ते ४०० डिग्री सेल्सियसच्या मधे करत असतील तर विचार का म्हणून, त्या पट्ट्यात टफनेस (धक्का सोसायची ताकद) पडतो. फिलेट रेडियस (कोपऱ्याची गोलाई) वाढवणं सगळ्यात स्वस्त, ते आधी कर, शॉट पीनिंगचं (बारीक गोळ्यांचा मारा करून वरचा थर घट्ट करण्याचं) नंतर बघू.