डॉक्टरांना ते पैठण्यांचं सांगितलंस का?

प्रश्न : मावशी, मी नाशिकला सिडकोत राहते, वय २९. अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी पहिल्यांदा असं झालं की अंथरुणातून उठवेना, कशातच मन लागेना. फॅमिली डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. बरं वाटलं की बंद, पुन्हा तसं झालं की सुरू, अशी आठ वर्षं गेली. थायरॉइड तपासून झालं, नॉर्मल आलं. जानेवारीपासून मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते. ते म्हणाले, ‘बायपोलर असू शकतं, म्हणजे मन कधी नैराश्यात पार खाली तर कधी उन्मादात पार वर जाण्याचा आजार, पण मला अजून थोडं बघू दे.’ चार महिने झाले, बघतायतच. नेटवरच्या टेस्टमध्ये तर बायपोलरच आलं. हे कळायला लागतात तरी किती दिवस? डॉक्टर बदलू का? मुंबईला जाऊन एमआरआय केला तर एका फटक्यात कळेल का? आई म्हणते, आधी पायी वणीला जाऊन ये, आणि असल्या आजाराचं नाव लागलं तर स्थळं येणं बंद होईल. कृपया नाव छापू नका.

ता. क. मी कायम अशी रडकी नसते हो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी येवल्याहून अकरा पैठण्या आणल्या होत्या, ऑनलाइन विकायला. सगळं क्रेडिट कार्डावर. रात्र रात्र फोटो काढत बसायचे, झोप लागायचीच नाही आणि काही वाटायचंही नाही. घरचे म्हणायचे, पोरगी कामाला वाघ आहे.

उत्तर :

पोरी, आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. वर्षं लागतात. जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर आजार सुरू झाल्यापासून त्यावर नेमका उपचार सुरू होईपर्यंत साधारण सहा वर्षं जातात असं दिसतं. अमेरिकेत २००० साली बायपोलरच्या रुग्णांची पाहणी झाली होती. त्यात दहापैकी जवळजवळ सात जणांना आधी भलत्याच आजाराचं नाव मिळालेलं होतं, आणि ते बहुतेक वेळा डिप्रेशनचं होतं. खरं निदान होईपर्यंत सरासरी चार डॉक्टर करून झाले होते आणि एक तृतीयांशाहून जास्त लोकांची दहा किंवा त्याहून अधिक वर्षं गेली होती. तेव्हा तुझी आठ वर्षं हा काही नाशिकचा किंवा तुझ्या फॅमिली डॉक्टरांचा खास पराक्रम नाही. (बरं वाटलं की आपल्या मनाने गोळ्या बंद करायच्या, हा मात्र तुझा पराक्रम. त्याबद्दल समोर असतीस तर कान धरला असता.)

पण ती आठ वर्षं आणि हे चार महिने एकाच खात्यात टाकू नकोस. अकाउंट्सवाली आहेस, तुला हे सांगायला नको. आठ वर्षं कुणी शोधतच नव्हतं. आता चार महिने कुणीतरी शोधतंय.

माणूस रात्ररात्र जागतोय, मीच देवाचा अवतार म्हणतोय, भररस्त्यात नोटा वाटतोय, अशा अवस्थेत नातेवाईक त्याला घेऊन आले तर निदानाला चार महिने लागत नाहीत, बऱ्याचदा पहिल्याच भेटीत अंदाज येतो. तो तीव्र उन्माद. सौम्य उन्मादाचं तसं नसतं. डॉक्टर ज्याला हायपोमेनिया म्हणतात तो निदान चार दिवस सलग टिकला तर धरतात, तीव्र उन्माद आठवडाभर, आणि नैराश्य दोन आठवडे. सौम्य उन्मादात माणूस कामावर जातो, हसतो, भराभर बोलतो, चार जणांचं काम एकटा उरकतो. सगळे खूश. अशा वेळी दवाखान्यात कोण जाईल? उत्साहाची तक्रार घेऊन कुणी केसपेपर काढत नाही.

एका अभ्यासात असा सौम्य उन्माद होणाऱ्या बायपोलरच्या रुग्णांचा तेरा-एक वर्षं आठवड्याआठवड्याने मागोवा घेतला होता. जवळजवळ निम्मे आठवडे त्यांनी कमीजास्त नैराश्यात काढले, आणि उत्साहाचे आठवडे निघाले शंभरात जेमतेम एक-दोन. आता तुझ्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसून बघ. तू महिन्यातून एकदा जाणार, तीही पडेल चेहऱ्याने. मे महिन्यात गोदावरीच्या रामकुंडावर उभ्या असलेल्या परगावच्या माणसाला सांग की श्रावणात पाणी त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागतं, तो हसेल. त्याला दाखवणार कोण? ज्याने पूर पाहिलाय तो.

म्हणून ते ता. क. तुझं अख्खं पत्र एकीकडे आणि त्या चार ओळी एकीकडे. मी पैजेवर सांगते, डॉक्टरांना तू हे सांगितलेलं नाहीस. तुला ती तुझी चांगली बाजू वाटते, आजाराशी तिचा काय संबंध!

मी डॉक्टर नाही, आणि दिवाळीच्या तोंडावर निम्मं नाशिक रात्र जागून काही ना काही विकत असतं, त्या सगळ्यांना काही बायपोलर नसतो. फरक पडतो तो बारीकसारीक तपशिलांत. फराळाच्या ऑर्डरी घेणारी बाई तीन तास झोपली तर सकाळी डोळे चोळत, चिडचिडत उठते. तू तीन तास झोपून ताजीतवानी उठत होतीस का? असे किती दिवस गेले? अकराव्या पैठणीचे पैसे देताना कार्डाची मर्यादा आठवली होती का, की सगळं दामदुप्पट होणार याची खात्रीच होती? बोलताना समोरच्याला वाक्य पुरं करू देत होतीस? विकल्या किती? आणि मग अंथरूण कधी धरलंस, देवदिवाळीच्या आत की नंतर? आणखी एक, सगळ्यात महत्त्वाचं. त्याच्या थोडंच आधी डिप्रेशनची गोळी पुन्हा सुरू केली होतीस का? काही जणांना ती गोळी एकटी दिली तर मन नुसतं वर येत नाही, पार दुसऱ्या टोकाला जातं. म्हणूनच डिप्रेशन आणि बायपोलर यांतला फरक ओळखण्यासाठी तुझे डॉक्टर एवढा वेळ घेतायत. चुकीचं नाव लावलं तर चुकीची गोळी वर्षानुवर्षं पोटात जाते, आणि हे दोन्हीकडून खरं आहे. थायरॉइड, नशा, स्टेरॉइडसारखी औषधं, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा त्रास), यांनीही असाच चकवा बसू शकतो.

तर पुढच्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नकोस. क्रेडिट कार्डाचं त्या महिन्यांचं स्टेटमेंट काढ. तारखा तिथे आहेत, खर्च तिथे आहे, आणि आकड्यांना लाज वाटत नाही. आठ वर्षांच्या चिठ्ठ्या घरात कुठे ना कुठे असतीलच, कपाटात, देवघराच्या खणात. त्या तारखेप्रमाणे लाव आणि प्रत्येकीवर आठवेल तसं लिही, ही गोळी घेतल्यावर काय झालं. भिंतीवर कालनिर्णय असेलच. दुधाचा खाडा मांडतात त्याच चौकोनात रोज सकाळी फक्त दोन गोष्टी टाक : किती तास झोपले, आणि मन कसं, खाली, बरं की वर. मोठाले निबंध नकोत, चार दिवसांत कंटाळशील. दीड-दोन महिन्यांची ती पानं डॉक्टरांना तुझ्या तासभराच्या बोलण्याहून जास्त सांगतील.

आणि आईला बरोबर ने. बाहेरच्या बाकावर नाही, आत. त्या दिवाळीत तू कशी होतीस हे तुला जेवढं दिसलं त्याहून तिला जास्त दिसलंय, फक्त तिने त्याला कौतुकाचं नाव दिलं. तिला एक अवघड प्रश्नही विचारायचा आहे : आपल्याकडे, माहेरी किंवा सासरी, असं कुणाला होतं का? प्रत्येक घरात एक काका असतो जो ‘जरा तऱ्हेवाईक होता’, एक आत्या असते जी ‘मध्येच माहेरी येऊन राहिली’. कुणी त्यापुढे बोलत नाही. बायपोलर घराण्यात चालत येण्याचं प्रमाण बरंच आहे, म्हणून डॉक्टरांना हे कळायला हवं. आईने तिथल्या तिथे काही कबूल केलं नाही तर घरी परतल्यावर चहा घेताना पुन्हा विचार.

एमआरआयचं म्हणशील तर मुंबईचे पैसे वाचव. बायपोलर दाखवणारा स्कॅन किंवा रक्ततपासणी आजच्या घडीला नाही. डॉक्टर तपासण्या सांगतात त्या दुसरं काही नाही ना, हे बघायला, किंवा औषध देण्याआधी शरीराचा अंदाज घ्यायला. नेटवरच्या टेस्टने फार तर ‘डॉक्टरांना विचारा’ एवढं कळतं. ते तू आधीच केलंयस.

डॉक्टर बदलायचा तुला पूर्ण हक्क आहे, पण कारण बरोबर असू दे. ‘नाव सांगत नाहीत’ हे कारण मला पुरेसं वाटत नाही. ऐकून घेत नाहीत, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात देतात, प्रश्न विचारला की वैतागतात, ही कारणं आहेत. आधी त्यांनाच विचार, ‘नाव ठरेपर्यंत तुम्ही कशावर उपचार करताय, आणि कशाची वाट बघताय?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. दुसरं मत घ्यायचंच असेल तर सगळी फाइल घेऊन जा, नाहीतर नवा डॉक्टर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करेल आणि तुझे आणखी चार महिने जातील. फी झेपत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथे दाखव.

वणीला खुशाल जा. मीही जाते. फक्त पायी, रात्रभर चालत नको. झोप मोडणं हे या आजारात नुसतं दमणं नसतं, त्यानेच उन्मादाची सुरुवात होऊ शकते. सकाळच्या एसटीने जा, दर्शन घे, गोळीच्या वेळेला घरी ये. निर्जळी उपासाचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नकोस. पुढे कधी लिथियम हे बायपोलरवरचं औषध सुरू झालं तर पाणी कमी पडून रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं, आणि ते धोक्याचं असतं.

एका बाबतीत मात्र पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरी अंगात वारं भरल्यासारखं वाटतंय, भास होतायत, किंवा जगून काय करायचं असे विचार येतायत, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, नाहीतर थेट सिव्हिल. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आत्ताच फोनमध्ये टाकून ठेव. आणि ते क्रेडिट कार्ड घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे दे, तू बरी आहेस तोवरच दे.

राहिली स्थळं. आईची खरी काळजी ती आहे, वणी हे निमित्त. नाव लागलं म्हणून आजार होत नाही, तो असेल तर आजही आहेच, आणि औषध नीट चालू असलेली बाई संसार करते, नोकरी करते, मुलं वाढवते. निदान ठरून औषध बसेपर्यंत सहा महिने बघण्याचे कार्यक्रम थांबवा. मग एखादं स्थळ पुढे सरकलं तर सुपारी फुटायच्या आधी मुलाला तू स्वतः सांग, मध्यस्थामार्फत नको. लपवून केलेलं लग्न पुढे कोर्टात जाऊ शकतं, आणि लपवून गोळ्या घेणं तर त्याहून अवघड. डॉक्टरांनाही लग्नाचा विचार आहे हे आत्ताच सांगून ठेव, कारण बायपोलरवर देतात ते व्हॅल्प्रोएटसारखं औषध गरोदरपणात बाळाला धोक्याचं असतं, तुझ्या वयाच्या मुलीला ते शक्यतो टाळतात. आईला यातलं काही पटलं नाही तर तिलाच मला पत्र लिहायला सांग. तिलाही उत्तर देईन, फक्त जरा चढ्या आवाजात.

– मावशी