आवाज आणि गिळणे यांवर संशोधन व अध्यापन करणाऱ्याचे काम नेमके काय असते?

धुळ्याला बारावी विज्ञानात असलेल्या आपल्या भाचीला आवाज आणि गिळण्याच्या विकारांवर संशोधन व अध्यापन करायचे आहे, तर हे काम कसे असते आणि हे दोन विषय एकत्र का शिकवतात, असे आपण विचारले आहे. मी मूळचा अमळनेरचा. वाचा-श्रवण शाखेच्या विद्यार्थ्यांना हेच विषय शिकवतो.

दोन्ही विषय स्वरयंत्रामुळे एकत्र येतात. बोलताना जे स्वरतंतू पुरुषांत सेकंदाला साधारण 100 ते 125 वेळा आणि स्त्रियांत सुमारे 200 वेळा कंप पावतात, तेच गिळताना घट्ट मिटतात. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, श्वास क्षणभर थांबतो आणि घास अन्ननलिकेत उतरतो. लकव्यानंतर हा मेळ बिघडू शकतो. 'ठसका लागस का?' या प्रश्नाला 'नही' असे उत्तर मिळाले, की विद्यार्थी निर्धास्त होतात, आणि नेमके तेथेच फसतात. कारण घशाची संवेदना मंदावली असेल, तर पाणी श्वासनलिकेत उतरूनही रुग्ण खोकत नाही. सुरुवातीच्या काळात मीही एका आजोबांच्या कागदावर 'तोंडाने आहार चालेल' असे लिहून मोकळा झालो होतो. चार दिवसांनी त्यांना ताप आला, नाकातून दुर्बीण घालून पाहिले, तर दूध स्वरतंतूंच्या खाली दिसले. तो प्रसंग मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगतो.

संशोधनाचे म्हणाल, तर त्यातले बरेचसे काम मोजमापाचे असते. गिळण्याचा त्रास असणाऱ्यांच्या आहाराच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पातळ ते घट्ट अशा 0 ते 7 पायऱ्या आहेत आणि पातळ पदार्थाची पायरी ठरवायला 10 मिलिलिटरची सिरिंज पुरते: ती भरून 10 सेकंद वाहू द्यायची आणि किती उरले ते पाहायचे. विद्यार्थी ताक आणि डाळ अशीच तपासतात. पण शेवभाजी कोठे बसवणार? रस्सा पातळ, वरची शेव कुरकुरीत, खालची भिजून मऊ. पातळ आणि घट्ट एकाच घासात आले, की अशा रुग्णाची फार पंचाईत होते. भरीत मऊ म्हणून चालेल असे घरच्यांना वाटते, पण आपल्या भरितात शेंगदाणे असतात. कळण्याच्या भाकरीचा तर कोरडा चुरा होतो. 'मऊ आहार द्या' एवढे लिहून आपल्याकडच्या सुनेला काय रांधावे ते कळत नाही, म्हणून घरच्या पदार्थांची अशी तपासणी मला महत्त्वाची वाटते. आवाजाच्या बाजूला शिक्षकांच्या स्वरतंतूंवरील गाठी हा मोठा विषय आहे, पण तो स्वतंत्र उत्तराचा आहे.

प्रवेशाचे थोडक्यात सांगतो. बीएएसएलपी ही वाचा-श्रवण शाखेची पदवी प्रत्यक्ष कामाच्या एका वर्षासह 4 वर्षांची असते, नंतर पदव्युत्तर पदवी आणि पीएचडी. म्हैसूरची 1965 साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईची अली यावर जंग संस्था या दोन्ही ठिकाणी हे शिक्षण मिळते. अहिराणी येत असेल तर भाचीने ती विसरू नये. रुग्ण घशाची तक्रार आपल्या बोलीतच नीट सांगतो.