वडील ७२ वर्षांचे, मांड्या बारीक झाल्यात. रोज चालतात, प्रोटीन पावडरही घेतात. तरी ताकद का येत नाही?

कारण स्नायूंवर पुरेसा भार पडत नाहीये. चालणं हृदयाला चांगलं, पण तेवढ्याने मांड्या भरत नाहीत. वयानुसार स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी घटतात आणि प्रथिनांपासून स्नायू बांधण्याचं कामही मंदावतं. बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या १०० जणांवर प्रयोग झाला होता (१९९४, सरासरी वय ८७): वजनाचा व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीवर गेली, नुसतं पूरक पेय घेणाऱ्यांना फायदा झाला नाही. तेव्हा पावडरीचा खर्च नंतर बघा. आठवड्यातून दोन-तीनदा हात न टेकता खुर्चीतून उठ-बस, शेवटच्या दोन-तीन जड जातील इतकी. सोपं वाटलं की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. मात्र वजन थोड्याच महिन्यांत उतरलं असेल तर वयावर ढकलू नका, आधी साखर आणि थायरॉइड तपासून घ्या.