तो बोलतो आहे, पण कोणाशी?

एकांकिका आणि एकपात्री प्रयोगांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. एका पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. प्रश्नच तसा होता.

प्रश्न : माझे बालपण देसाईगंजजवळच्या खेड्यात गेले. मंडईच्या जत्रेच्या आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत रात्रभर चालणारी झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, नाटके पाहत आम्ही मोठे झालो. निवृत्तीनंतर आता नागपुरात मुलाकडे राहतो आणि नातवाच्या आग्रहाने एकांकिका पाहायला जातो. पाऊण तासात पडदा पडतो आणि मला वाटते, की नाटक तर आता कुठे सुरू होणार होते. माझे काय चुकते?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : आपले काही चुकत नाही, सवय तेवढी निराळी आहे. झाडीपट्टीच्या नाटकापाशी अख्खी रात्र असते. भांडणाची ठिणगी पडल्यापासून तिचा वणवा होईपर्यंतचा सगळा प्रवास तिथे डोळ्यांसमोर घडतो, मध्ये गाणे येते, विनोदी पात्र येऊन जाते, आणि प्रेक्षक चहा पिऊन परतला तरी त्याचा धागा सुटत नाही. एकांकिकेच्या लेखकाला ही चैन परवडणारी नसते, म्हणून तो वणवा पेटण्याच्या अगदी आधीचा तास निवडतो. त्यामागची सगळी वर्षे त्याला पात्रांच्या बोलण्यातून, किंबहुना न बोलण्यातून, सुचवावी लागतात.

महेश एलकुंचवारांची ‘होळी’ घ्या. वसतिगृहातली मुले, सणाचा दिवस आणि नाकारलेली सुटी, एवढेच तिचे निमित्त आहे. पडदा उघडतो तेव्हा त्या मुलांच्या मनात राग आधीच साचलेला असतो. तो कशामुळे साचला, याचा हिशेब लेखक देत नाही. पुढे हाच राग वरच्यांवर निघण्याऐवजी त्यांच्यातल्याच एका दुबळ्या मुलावर निघतो आणि त्या मुलाचा जीव घेऊन थांबतो. हे क्रौर्य कुठून आले, हा प्रश्न रंगमंचावर कोणी विचारत नाही. तो प्रेक्षकाने सोबत घेऊन जायचा असतो. आपल्याला जे ‘आता सुरू होणार’ असे वाटते, ते बहुधा हेच असावे, आणि ते घरी जाताना सुरू झाले तर एकांकिका फसली असे म्हणता येणार नाही.

पुढच्या खेपेला पहिली पाच मिनिटे एवढेच पाहा, की पडदा उघडण्यापूर्वी काय घडून गेले असावे. रंगमंचावर एक बाज आणि एक ट्रंक असेल, तर त्या दोन्ही वस्तू तिथे का आहेत हेही पाहा, कारण एवढ्या लहान अवकाशात निरुपयोगी वस्तू ठेवायला जागा नसते. अर्थात स्पर्धांमध्ये अशाही एकांकिका येतात, की ज्या मुळात दोन अंकी नाटके असून केवळ वेळेच्या नियमामुळे आवळलेल्या असतात. पाऊण तासात दहा वेळा अंधार होतो आणि प्रत्येक अंधारानंतर दोन वर्षे उलटलेली असतात. तिथे आपली तक्रार रास्त आहे. आणि एक गंमत म्हणून सांगतो : सिनेमाचे तिकीट मिळाले नाही म्हणून एलकुंचवार तरुणपणी तेंडुलकरांच्या ‘मी जिंकलो मी हरलो’ या नाटकाला जाऊन बसले आणि तिथून त्यांच्या नाट्यलेखनाची ओढ सुरू झाली. नातवाच्या आग्रहाने नाटकाला जाणे त्या मानाने बरेच विचारपूर्वक म्हणावे लागेल.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. एकपात्री अभिनयाच्या स्पर्धेत विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधले नायिका बेणारेचे स्वगत केले. मला खरोखर रडू आले, टाळ्याही पडल्या. पण परीक्षकांनी एवढेच विचारले, की ‘तू कोणाशी बोलत होतीस?’ मला उत्तर देता आले नाही. स्वगत आणि एकपात्री यांत फरक काय, हेही सांगाल का?
— एक विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : परीक्षकांनी आपल्याला मोलाचा प्रश्न दिला, तो जपून ठेवा. एकट्या माणसाचे रंगमंचावरील बोलणे पाहताना किंवा करताना माझ्या मते पहिला प्रश्न हाच असतो, आणि आपण ज्या फरकाविषयी विचारले आहे तोही याच प्रश्नाने उलगडतो.

लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटेच उभे राहून 52 पात्रे साकारत. तिथे प्रत्येक पात्राचा श्रोता म्हणजे दुसरे पात्र, जे आपल्याला दिसत नाही. नट मान कुठे वळवतो आणि नजर किती उंचीवर ठेवतो, यावरून ते पात्र आपण मनाशी उभे करतो. हा एकपात्री प्रयोग झाला : नट एक, माणसे अनेक. सुषमा देशपांडे यांच्या ‘व्हय, मी सावित्रीबाई’मध्ये सावित्रीबाई थेट आपल्याशी, म्हणजे समोर बसलेल्या प्रेक्षकांशी बोलतात, तिथे आपणच श्रोते असतो आणि त्या सांगत असतात त्याची थोडी जबाबदारी आपल्यावरही येते. रशियन लेखक चेखवचे तंबाखूच्या दुष्परिणामांवरील छोटे नाटक वरवर पाहता एका व्याख्यानाच्या रूपात आहे. वक्ता सभेशी बोलतो, विषय तंबाखूचा असतो, पण त्याचे अर्धे लक्ष बायकोच्या धाकाकडे असते, आणि व्याख्यान बाजूला पडून त्याच्या संसाराची कैफियत बाहेर पडू लागते. आयरिश नाटककार बेकेटच्या ‘क्रॅप्स लास्ट टेप’ या 1958 सालच्या नाटकात तर 69 वर्षांचा माणूस 39 व्या वर्षी ध्वनिमुद्रित केलेला स्वतःचाच आवाज ऐकत बसतो. तिथे बोलणारा आणि ऐकणारा एकच असूनही दोघांची ओळख उरलेली नाही.

आता बेणारे. स्वगत म्हणजे इतर पात्रे असलेल्या नाटकात एखाद्या पात्राने स्वतःशी केलेले बोलणे, ही झाली पुस्तकी व्याख्या. पण 1967 च्या या नाटकात तेंडुलकरांनी तिच्यावर एक विलक्षण अट घातली आहे. बेणारेवर खेळ म्हणून सुरू झालेला खटला खरा होत जातो आणि आरोपीला आपले म्हणणे मांडण्यासाठी दहा सेकंद दिले जातात. बाकी सारे जागच्या जागी गोठतात. बेणारे दीर्घ, वेडेवाकडे, कधी उपहासाचे तर कधी आर्ततेचे बोलत राहते, आणि ते संपल्यावर न्यायालय जाहीर करते, की वेळ संपली, आरोपीला काही सांगायचे नाही. म्हणजे आपण जे सगळे ऐकले, ते त्या खोलीत कोणाच्याही कानावर पडलेले नाही. कदाचित तिने ओठही हलवले नसतील.

एवढे ध्यानात आले की रडण्याचा प्रश्न वेगळा होऊन समोर येतो. ऐकणारे कोणी असेल तर माणूस रडून दाखवतो. पण जिला ऐकणारेच कोणी नाही, तिचे रडे कसे असेल? भूमिका करताना आपण टाळ्या देणाऱ्या सभागृहाशी बोलत होता, असे परीक्षकांना सुचवायचे असावे. पुढच्या तालमीत गोठलेल्या त्या माणसांपैकी प्रत्येकाची जागा खोलीत नक्की करा. कोणते वाक्य कोणाला उद्देशून आहे, कोणते त्यांच्यापैकी कोणालाही नाही आणि कोणते फक्त शाळेतल्या मुलांना आहे, ते ठरवा, कारण ती शिक्षिका आहे आणि तिची नोकरी जाणार आहे. हे झाल्यावर अश्रू आले तर येऊ द्या, नाही आले तरी काही बिघडत नाही. आणखी एक गोष्ट, जी स्पर्धांतून हमखास सुटते : हे स्वगत एकटे उचलून आणले, की त्या दहा सेकंदांची अट गळून जाते आणि उरते ते फक्त एका दुःखी बाईचे भाषण. तेव्हा सुरुवातीला घड्याळाचा उल्लेख कसा आणता येईल, याचा विचार अवश्य करावा.

प्रश्न : अलीकडच्या पुष्कळ एकांकिकांचा शेवट कळतच नाही. लेखकाला गाठून विचारावे का?
— एक वाचक, महाल

उत्तर : विचारावे, पण दुसऱ्या दिवशी. त्या रात्री शेजारच्या प्रेक्षकाला विचारा; त्याने वेगळाच शेवट पाहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे. ज्या एकांकिकेचा शेवट खरोखरच हुकलेला असतो, तिच्याबद्दल मात्र दोघांनाही बोलावेसे वाटत नाही.

प्रश्न : आम्ही रामदासपेठेतील सहा मैत्रिणी दर पंधरवड्याला भिशीऐवजी एकत्र बसून काहीतरी वाचतो. छोटी नाटके वाचून त्यांचा आस्वाद घेता येतो, की ती पाहायलाच हवीत?
— एक वाचक, रामदासपेठ

उत्तर : घेता येतो, मात्र मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने वाचून. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ प्रथम वाचा, असे मी सुचवीन. पाण्यासारखी साधी गोष्ट माणसामाणसांत भेद करण्याचे साधन कशी होते, हे तिथे भाषणातून नव्हे, तर मागण्याच्या आणि नाकारण्याच्या लयीतून कळते, आणि लय कानाशिवाय पोहोचत नाही. वाचून झाल्यावर लगेच ‘आशय काय’ या चर्चेकडे वळू नका. त्याऐवजी भूमिकांची अदलाबदल करून पुन्हा वाचा. जिने पाणी नाकारले तिने आता मागावे. दुसऱ्या वाचनात पहिल्यापेक्षा कोणाचा आवाज खाली आला, एवढेच टिपून ठेवा.

सहाजणी आहात म्हणून पुढे कधी ‘योनी मनीच्या गुजगोष्टी’ही वाचता येईल. इव्ह एन्स्लर यांनी अनेक स्त्रियांशी बोलून लिहिलेली ही स्वगते वंदना खरे यांनी मराठीत आणली आहेत, आणि ती अनेक आवाजांत वाटून वाचण्याजोगी आहेत. घरात कोणी असताना ती वाचायची की नाही, हे आपल्यावर सोडतो.

एक सूचना तेवढी कटाक्षाने पाळावी. संहितेत कंसात लिहिलेल्या रंगसूचना वाचण्याचे काम सहावीकडे द्या, आणि जिथे ‘विराम’ असे लिहिले असेल तिथे तिने तो शब्द उच्चारू नये. तिने पाच अंक मनात मोजावेत आणि बाकीच्या पाचजणींनी तोवर चहाच्या कपाला हात लावू नये.