हॉटेलाचा इतिहास लिहायला घेताना

प्रिय मित्रा,

पणजीच्या ‘हॉटेल मांडवी’वरचा तुझा मसुदा वाचला. मेहनत घेतली आहेस यात शंका नाही, पण पहिली तीन पानं पाहुण्यांच्या यादीतच गेली. कोण मंत्री उतरले, कोण नट येऊन गेले, ही यादी कुणीही करील. त्या लाउंजमध्ये रोज कोण बसायचं आणि कुणाची आत पाऊल टाकायची छाती होत नव्हती, ते मला वाचायचंय.

‘गोव्याच्या पर्यटनाची पहाट’ ही सुरुवात आधी खोड. १९५२ साली इथे कसलं आलंय पर्यटन! सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, त्याला चारशे वर्षं होत होती. जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचं, म्हणजे त्यांचंच, शवप्रदर्शन भरणार होतं, तो मुहूर्त साधून हे हॉटेल उभं राहिलं. थाट आर्ट डेको या विलायती वास्तुशैलीचा असला तरी निमित्त जत्रेचंच. तेवढं सरळ लिही, पुरे आहे.

तुझे पहिले पाहुणे विमानातून उतरतात. अरे, दाबोळीचा विमानतळ १९५५चा! त्याआधीचा माणूस बोटीनं यायचा, नाहीतर मुरगावच्या रेल्वेनं. ‘बांदोडकर मार्गावर गर्दी उसळली’ हेही तसलंच. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर १९५२त अजून राजकारणातही नव्हते. पणजीतल्या रस्त्याचं नाव लिहिण्याआधी ते कधी पडलं, हे दरवेळी बघत जा.

आता बिलांकडे ये. जुनी बिलबुकं कुणाच्या माळ्यावर सापडली तर फोटोंपेक्षा ती जपून ठेव. बिलावर तारीख नसली तरी चलन बोलतं. १९५८पर्यंत गोव्यात पोर्तुगीज अमलाचा रुपिया होता, एका रुपियाचे सोळा तांगा. मग एस्कुदो आला, एका रुपियाला सहा या दरानं. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर आपला भारतीय रुपया. तेव्हा एस्कुदोतलं बिल हाती आलं, की ते त्या तीन-चार वर्षांतलं, हे डोळे मिटून सांगता येईल. पण तिथेच थांबू नकोस. बिलातला कॉफीचा भाव घे आणि त्याच वर्षी खाणीवरच्या मजुराला दिवसाला काय मिळत होतं ते शोध. हे दोन आकडे शेजारी मांडलेस, की लाउंजच्या दारात कोण अडत होतं ते वेगळं सांगावं लागणार नाही.

पन्नाशीचं दशक मला या सगळ्यात सर्वांत रसाळ वाटतं, आणि तू ते दोन ओळींत उरकलंस. भारतानं आर्थिक नाकेबंदी केली, १९५५त सीमेपलीकडे जाणारी रेल्वे बंद पडली. तरीही लोहखनिजाचा पैसा वाहत होता, बोटींतून परदेशी माल उतरत होता. पलीकडे मुंबई राज्यात दारूबंदी, आणि इकडे पणजीत स्कॉच उघडपणे मिळत होती. अशा गावातलं लाउंज कसं असेल, जरा डोळ्यांपुढे आण.

आपल्या मराठी माणसांचंही मसुद्यात नाव नाही. पेडण्याचा, सत्तरीचा माणूस सचिवालयात कागद घेऊन यायचा, भाजीपाव खाऊन परत बस धरायचा. त्याला हे हॉटेल बाहेरूनच ठाऊक. ‘गोमन्तक’ दैनिक १९६२त निघालं, १६ जानेवारी १९६७ला गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर जनमत कौल झाला. त्या वर्षांत विलीनीकरणवाले कुठे बसत, विरोधक कुठे, हे विचार. ‘याच खुर्च्यांवर सरकारं पडली’ असं छातीठोक सांगणारे तुला ढीगभर भेटतील. चहा पाज, ऐकून घे. पण एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी तीच गोष्ट सांगितल्याशिवाय कागदावर उतरवू नकोस.

वेटरांना मात्र आधी गाठ. त्यांची वयं झाली आहेत, मंत्र्यांच्या आठवणी छापील मिळतात, यांच्या कुठेच नाहीत. गणवेश स्वतः धुवायचे का? टिपा वाटून घ्यायचे की ज्याची त्याला? जेवायला कुठे बसायचे? लाउंजमध्ये वाजवणाऱ्यांबद्दलही विचार. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले आपले कितीतरी वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवत होते. त्यांतलं कोण इथे वाजवून गेलं, ते एखादा म्हातारा बारमनच सांगेल.

आणि समोरच्या नदीतल्या कॅसिनोंच्या जहाजांवर ती दीड पानांची हळहळ? काढून टाक. ती रोज पेपरात असते.

पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन डिसेंबर १९५२चे ‘ओ हेराल्दो’ या तेव्हाच्या पोर्तुगीज दैनिकाचे अंक माग. पोर्तुगीज वाचणारं कुणीतरी बरोबर ने. अग्रलेख नंतर, जाहिराती आधी पाहा. खोल्यांचे दर, जेवणाच्या वेळा, नोकर पाहिजेत अशा चौकटी, जे हाती लागेल ते तारखेसकट उतरवून मला पाठव.

तुझा,
काका